वजनावर घेतलेला माणूस

हुपरीच्या नेमगोंडा आण्णांनी
सिदू तेरदाळेला विकत घेतला तेव्हा
तो एक मण पाच शेर भरला.
डबे वगळून.
खरा सिदू याहून थोडाच जड असेल,
तालमीत त्याला फक्त तेल चोळायला ठेवला होता.

बोलपट येऊन दहा वर्षं झाली होती.
सिदूच्या मराठीला तेरदाळचं कानडी हेल,
माईकपुढं उभा केला नि दुसऱ्या दिवशी घरी पाठवला.
स्टुडिओला खोली रिकामी हवी होती,
आणि मुक्या फिल्मवर चांदी असते
एवढंच बाजाराला ठाऊक.

बैलगाडीत गवत, गवतावर डबे, वर ओलं पोतं,
"विडी पेटवू नगंस," असं गाडीवानाला दोनदा सांगून
कोल्हापूर ते हुपरी
अठरा डबे हसू आणलं आण्णांनी.

मग काहील. कढत पाणी. सोडा.
एक बुडी दिली की चेहरा सुटतो.
"दुधावरची साय निघती बघ, तसा."
खाली काळा गाळ, गाळ मुशीत,
कोरी पट्टी बांगडीवाल्याला.
दोन दिवसांचं काम.

पण पहिलीच पट्टी आण्णांनी उन्हाकडं धरली
आणि सिदू म्हशीमागं धावत होता.

'म्हशीचा जावई'.
पोरपणी पाहिलेला, एक आण्यात, पुढं भुईवर बसून.
पाट्या वाचून दाखवणारा मास्तर खोकत होता
नि पेटीवाल्याला कळेना
म्हशीला कुठला सूर द्यावा.

नवरदेव सिदू गंगावेशीत दूध प्यायला थांबतो,
धारेखालची म्हैस त्याच्या मुंडावळ्या खाते.
तिथून जी पळापळ
ती थेट रंकाळ्यात.
म्हैस वर येते, बाशिंग तिच्या शिंगाला,
वऱ्हाड तिलाच हार घालतं.
सिदू गळ्याएवढ्या पाण्यातून काठाला येतो,
एक वहाण काढतो,
तिच्यातलं पाणी तळ्यात परत ओततो,
मग दुसरीतलं.
चेहरा असा, की तलाठ्यापुढं हिशोब देतोय.
एक थेंब राहतो. तोही झटकतो.

अकरा दिवस लागले.
थोरला भाऊ शिव्या घालून थकला.
"पर बघितल्याबिगर बुडवला न्हाई एकबी," आण्णा म्हणायचे,
आणि हातोडी खाली ठेवून
उलट्या फेट्याचा, शिडीचा, झोपलेल्या फौजदाराचा खेळ
आम्हा पोरांना करून दाखवायचे.
शिडीचा शेवट दर वेळी वेगळा.

"एक तुकडा ठेवायचा हुता की, आण्णा."
"ठिवला असता तर पेटला असता," म्हणायचे.
कधी म्हणायचे, "भाव चढला हुता."

पुढच्या लग्नसराईत सिदू दुकानात आला.
पांढरी दाढी, कोपरावर ठिगळ,
पोरीला पैंजण हवे होते, हलक्यातले.
आण्णांनी त्याला ओळखलं, बोलले नाहीत.
काढले ते त्याच लगडीतले.
मजुरी धरली नाही.

सिदूनं पैंजण कानाशी नेलं, हलवलं,
परत हलवलं.
"जरा जास्तच बोलतंय," म्हणाला.
आण्णांना हसू फुटेना.
पैसे मोजून झाले. उंबऱ्याबाहेर
सिदूनं एक वहाण उचलली,
उलटी केली,
झटकली.
मग दुसरी.

चैत्राचं ऊन. रस्ता कोरडा ठणठणीत.

"त्येला कळलं हुतं का, आण्णा?
का नुसती सवय?"
आण्णा घुंगरू डाग देऊन जोडत होते,
फुंकणी तोंडात होती.